जोड तोलामोलाची: विरुद्धार्थी शब्दांतून इंग्रजीचा सराव

पहिल्या दिवशी मी वर्गात एकच प्रश्न विचारतो. हॉटच्या उलट काय? सगळे एका सुरात ओरडतात, "कोल्ड!" मग मी सांगतो, पुण्याहून पाहुणे आलेत, जेवायला बसलेत, तांबडा रस्सा त्यांना 'टू हॉट' झालाय, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतंय. आता वेटरला काय सांगाल? "वन कोल्ड रस्सा"? सगळी माडी हसते. पाहुण्याला कुणी फ्रीजमधला गार रस्सा वाढत नाही. रस्सा वाफाळता असेल तेव्हा हॉटच्या समोर कोल्ड उभा राहतो. रस्सा तिखट असेल तेव्हा समोर येतो माइल्ड. हॉट तोच, पण समोरचा गडी बदलला.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर मी संध्याकाळी सात ते साडेआठ मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतो. येणाऱ्यांत लेथवर काम करणारी पोरं असतात, तलाठी-पोलीस भरतीची तयारी करणारी असतात, दुकान सांभाळणाऱ्या काकू असतात. राज्यात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं. त्याआधी शाळेत गेलेल्या आम्हा मंडळींना एबीसीडी भेटली ती पाचवीत. पण आधीचे असोत की नंतरचे, विरुद्धार्थी शब्द सगळ्यांनी एकाच पद्धतीनं गिळलेले असतात: गाईडच्या मागच्या पानावरची दोन रकान्यांची यादी, घोकायची आणि पेपरात ओकायची. यादी खोटी नसते. त्यातला शब्द एकटा असतो, एवढीच अडचण आहे.

ज्यांना इंग्रजी थोडंफार वाचता येतं पण बोलताना शब्द घशात अडकतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. इथं इंग्रजी शब्द मी देवनागरीत देतोय. तुमच्या वहीत मात्र ते इंग्रजी लिपीत, स्पेलिंग शब्दकोशात बघून लिहा.

आधी घरातली शिल्लक मोजा

नवीन काही शिकायच्या आधी एक संध्याकाळ फक्त शिल्लक मोजायला द्या. उद्यमनगरातल्या एका पोरानं पहिल्या दिवशी मला सांगितलं, "सर, मला इंग्लिशचं काय बी येत नाही." मी म्हटलं, कारखान्यात दिवसभर काय काय बोलतोस ते सांग. तो बोलत गेला, मी फळ्यावर लिहीत गेलो. टाइट–लूज. फॉरवर्ड–रिव्हर्स. लोडिंग–अनलोडिंग. ओव्हरसाइज–अंडरसाइज. इनलेट–आउटलेट. ऑन–ऑफ. क्लॉकवाइज–अँटिक्लॉकवाइज. दहा मिनिटांत फळा भरला. काय बी येत नसलेल्या माणसाचा तो फळा होता.

तुमचंही तसंच निघेल. बँकेत जाणाऱ्याकडे डेबिट–क्रेडिट असतं. गाडी चालवणाऱ्याकडे डिपर–अप्पर असतं. इचलकरंजीहून रोज येणारा तर सरळ म्हणतो, "अप-डाऊन करतो." नापास शब्दात तर आपण इंग्रजी पासला आपलंच 'ना' जोडून टाकलंय. म्हणजे उलट शब्द घडवायची खोड आपल्याला मुळातच आहे.

अशा पंधरावीस जोड्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पान फाडू नका. अडलात की तिकडे बघायचं.

एकटा शब्द वहीत घ्यायचा नाही

आता मुख्य काम. शंभर पानी वही घ्या, पानावर तीन रकाने आखा. पहिल्या रकान्यात शब्द लिहायचा, पण एकटा नाही, त्याच्या सोबत्यासकट. नुसता 'ओल्ड' नको. 'ॲन ओल्ड मॅन' लिहा. दुसऱ्या रकान्यात त्याची उलट बाजू, तीही सोबत्यासकट: 'अ यंग मॅन'. तिसऱ्यात तुमच्या आजच्या दिवसातलं एक वाक्य, मोडकंतोडकं का असेना.

सोबती बदलला की जोड बदलते. 'ॲन ओल्ड हाउस' लिहिलंत तर समोर यंग चालणार नाही, न्यू लागेल. मराठीत आपण म्हातारा आणि जुना यांत कधी चुकत नाही. माणूस म्हातारा, वाडा जुना. इंग्रजीत दोघांना एकच ओल्ड लागतो, म्हणून गोंधळ उलट बाजूला दिसतो. लाइटचंही तसंच. लाइट बॅग असेल तर हेवी, लाइट कलर असेल तर डार्क. राइट आन्सरच्या समोर राँग, राइट हँडच्या समोर लेफ्ट. हार्ड पेपरच्या समोर ईझी, हार्ड गादीच्या समोर सॉफ्ट. शॉर्ट माणूस असेल तर टॉल, शॉर्ट रस्ता असेल तर लाँग. इथं मराठी आपल्या मदतीला येते, कारण बुटका आणि आखूड हे आपण वेगळे ठेवतोच.

याच्या बरोबर उलट खेळ मराठी शब्द घेऊन करा. तो जास्त डोळे उघडतो. आमच्या वर्गात आम्ही एक अख्खा तास 'कच्चा' या एका शब्दावर काढला. कच्चा आंबा म्हणजे अनराइप मँगो, समोर राइप. कच्चं मटण म्हणजे रॉ मटण, समोर कुक्ड. कच्चा रस्ता म्हणजे अनपेव्ड रोड, समोर पेव्ड. अर्जाचा कच्चा खर्डा म्हणजे रफ ड्राफ्ट, समोर फायनल ड्राफ्ट. गणितात कच्चा म्हणजे वीक इन मॅथ्स, समोर गुड किंवा स्ट्राँग. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, आणि खेळातला कच्चा लिंबू?" त्याला इंग्रजीत नेमका शब्द नाही, आणि मला शोधायचीही इच्छा नाही. काही गोष्टी आपल्या आपल्याकडेच राहू देत.

सांगायचा मुद्दा, एका 'कच्चा'नं दहा इंग्रजी शब्द दिले आणि दहाही लक्षात राहिले, कारण प्रत्येकाला एकेक वस्तू चिकटलेली होती. असाच 'बंद' घ्या. दुकान बंद म्हणजे क्लोज्ड, समोर ओपन. दिवा बंद म्हणजे ऑफ, समोर ऑन. म्हणूनच 'क्लोज द लाइट' चुकतं; दिव्याला दार नसतं, तो स्विच ऑफ होतो. घड्याळ बंद पडलं तर ते स्टॉप्ड. 'काढणे' हाही असाच शब्द आहे. शर्ट काढला तर टेक ऑफ, समोर पुट ऑन. बँकेतून पैसे काढले तर विथड्रॉ, समोर डिपॉझिट. चित्र काढलं तर ड्रॉ, त्याच्या समोर इरेझ. एका 'काढणे'च्या तीन वाटा, तीन जोड्या.

आता पंचगंगेकडे या. पावसाळ्यात इथल्या प्रत्येकाच्या तोंडी राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी असते: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 आणि 2021 चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे आकडे पाठ आहेत. पाणी चढतंय, 'द वॉटर इज रायझिंग'. पाणी ओसरतंय, तेव्हा काय? 'फॉलिंग' म्हटलं तरी कळतं, पण पुराच्या पाण्याला इंग्रजीत शोभून दिसतो तो रिसीड. 'द फ्लड वॉटर इज रिसीडिंग.' गुळाचा भाव राइझ झाला तर नंतर फॉल होतो. सूर्य राइझ झाला तर संध्याकाळी रंकाळा तलावावर सेट होतो. राइझ एक, समोर तीन. वहीत राइझला अख्खं पान द्या.

जोड लावताना वजन बघा

कोल्हापुरात हे वेगळं समजवावं लागत नाही. 1912 मध्ये उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानात कुस्ती बघितलेल्या कुणालाही विचारा, जोड कशी लावतात. तोलामोलाची. पन्नास किलोच्या पोरासमोर शंभर किलोचा पैलवान उभा केला तर प्रेक्षकच खाली बसायला लावतील.

शब्दांनाही वजनगट असतात. हॉट आणि कोल्ड एका गटातले. वॉर्म आणि कूल त्याच्या खालच्या गटातले. बॉइलिंग आणि फ्रीझिंग वरच्या. बॉइलिंगच्या समोर कूल लावला तर ती कुस्ती होत नाही. आपल्याकडे आंघोळीच्या पाण्याला कडकडीत, गरम, कोमट, गार, थंडगार अशी शिडी आहेच. तीच इंग्रजीत उभी करा: बॉइलिंग, हॉट, वॉर्म, ल्यूकवॉर्म, कूल, कोल्ड, फ्रीझिंग. ल्यूकवॉर्म म्हणजे आपलं कोमट. तो मधोमध बसलाय, त्याला जोडच नाही.

वहीत अशा शिड्या आडव्या रेघेवर काढा. टायनी, स्मॉल, बिग, ह्यूज. टायनीसमोर ह्यूज, स्मॉलसमोर बिग. एक बारीक खोच अशी की बिगच्या समोर लिटलही बसतो, पण लार्जच्या समोर लिटल बसत नाही, तिथं स्मॉलच लागतो. टी-शर्टच्या कॉलरवर एल आणि एस असतं ते आठवा. कारण विचारू नका. काही जोड्या वर्षानुवर्षं एकत्र खेळून ठरून गेलेल्या असतात.

शिडीतल्या शब्दांबद्दल अजून एक. प्रश्न विचारताना इंग्रजी नेहमी वरचं टोक धरते. 'हाऊ डीप इज रंकाळा?' असं विचारतात, 'हाऊ शॅलो' नाही. 'हाऊ ओल्ड आर यू?' हे तान्ह्या बाळाच्या बाबतीतही. मराठीत तरी वेगळं काय? आपण उंची विचारतो, बुटकेपणा विचारत नाही. 'हाऊ शॅलो' म्हटलंत तर पाणी उथळ आहे हे तुम्ही आधीच ठरवून टाकलंत असं ऐकणाऱ्याला वाटतं.

शिडीतल्या शब्दाला नॉट लावलं म्हणजे उलट शब्द झाला, असंही नाही. 'नॉट हॉट' म्हणजे कोल्ड नव्हे, कोमटही असू शकतं. 'नॉट बॅड' म्हणजे बरं आहे, लई भारी नव्हे. पण काही कुस्त्या निकालीच असतात, बरोबरीत सुटत नाहीत. अलाइव्ह–डेड, ऑन–ऑफ, प्रेझेंट–ॲब्सेंट, पास–फेल. इथं नॉट लावलं की थेट समोरच्याच्या अंगणात. अशा शब्दांना व्हेरी लागत नाही. 'व्हेरी ॲब्सेंट' कुणी नसतो, आमच्या वर्गातला एक जण सोडून.

देणं-घेणं

शिडीतल्या जोड्या आणि निकाली जोड्या झाल्या, आता तिसरा प्रकार. तो सगळ्यात जास्त गोत्यात आणतो. बाय–सेल, लेंड–बॉरो, टीच–लर्न. यात एकच व्यवहार दोन बाजूंनी बघितलेला असतो. मराठीत आपण 'उसनं' हा एकच शब्द ठेवून त्याला दे आणि घे जोडतो. इंग्रजीत दोन स्वतंत्र शब्द आहेत, म्हणून माणूस सरांकडे जाऊन म्हणतो, "सर, प्लीज बॉरो मी युवर पेन." शिकणे आणि शिकवणे यांचंही तसंच होतं, 'ही लर्न्ड मी' असं सर्रास ऐकू येतं.

यावर माझा उपाय साधा आहे. शब्द पाठ करू नका, त्याच्या मागचा टू आणि फ्रॉम पाठ करा. फ्रॉम असेल तर वस्तू माझ्याकडे येते: बॉरो फ्रॉम, बाय फ्रॉम, लर्न फ्रॉम, रिसीव्ह फ्रॉम. टू असेल तर माझ्याकडून जाते: लेंड टू, सेल टू, सेंड टू. येणारे सगळे एका पानावर, जाणारे समोरच्या पानावर. वही मिटली की आपापल्या जोडीदाराला टेकतात.

मी स्वतः कॉलेजात असताना एका बँकेत भरायची स्लिप सोडून काढायची स्लिप भरली होती. कॅशियरनं माझ्या हातातल्या नोटांकडे बघितलं, मग स्लिपकडे, मग माझ्याकडे. डिपॉझिट आणि विथड्रॉ मी एकाच दिवशी, एकाच दमात पाठ केले होते. त्याचं पुढं बोलतो, कारण ती चूक स्लिपची नव्हती, पाठ करण्याच्या पद्धतीची होती.

पुढं लागणारे तुकडे

अन, इन, डिस, नॉन हे तुकडे शब्दाच्या पुढं लागले की शब्द उलटतो. एक तुकडा शिकलात की पन्नास शब्द मोकळे होतात, म्हणून हे लोभस आहे. जरा जपूनच.

गंमत अशी की इंग्रजीतला अन आणि आपल्या संस्कृत शब्दांतला अ किंवा अन् हे एकाच जुन्या घराण्यातले आहेत. अशक्य, अयोग्य यांत अ. पुढं स्वर आला की अन्, म्हणून अनुचित, अनावश्यक, अनिच्छा. लॅटिनमधून आलेला इनसुद्धा त्याच घरातला, फक्त तो पुढच्या अक्षराप्रमाणे तोंड बदलतो. प, ब, म पुढं असेल तर ओठ मिटावे लागतात, म्हणून इम: इम्पॉसिबल, इम्बॅलन्स, इम्मॅच्युअर. ल पुढं असेल तर इल, लीगलचं इल्लीगल. र असेल तर इर, रेग्युलरचं इर्रेग्युलर. हा नियम पाठ करायची गरज नाही. आपण लिहिताना 'संप' आणि 'संत' दोन्हीवर सारखाच अनुस्वार देतो, पण बोलताना पहिल्यात म् येतो, दुसऱ्यात न्. तोंड आपोआप करतं. इंग्रजांच्याही तोंडानं तेच केलंय.

अन मात्र हट्टी. तो कुणासाठी बदलत नाही: अनपेड, अनपॉप्युलर, अनरिअल. आणि कोणत्या शब्दाला अन, कोणत्याला इन, हे शब्दकोशातच बघावं लागतं. एबलचं अनएबल होतं, पण ॲबिलिटीचं इनॅबिलिटी. इक्वलचं अनइक्वल, इक्वॅलिटीचं इनइक्वॅलिटी. क्रियापदाला अन लागला तर तो नकार देत नाही, केलेलं काम उलटवतो: लॉक–अनलॉक, टाय–अनटाय, इन्स्टॉल–अनइन्स्टॉल. मिस हा तुकडा तर उलट करतच नाही. तो चुकीचं करतो. मिसअंडरस्टँड म्हणजे न समजणं नव्हे, भलतंच समजणं.

मागं लागणारे फुल आणि लेस हेही तसेच. केअरफुल–केअरलेस, यूजफुल–यूजलेस इथवर ठीक. पण हेल्पफुल माणसाच्या समोर हेल्पलेस नसतो. हेल्पलेस म्हणजे असहाय. मदत न करणारा तो अनहेल्पफुल. शेमफुल आणि शेमलेस तर एकाच बाजूनं लढतात, लाजिरवाणं आणि निर्लज्ज. आणि ब्यूटिफुलचं ब्यूटिलेस करू नका, तिथं अग्लीच लागतो.

हायवेवर टँकरच्या मागं 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं वाचलं असेल. इन आहे म्हणून पेट घेणार नाही असं समजून बिडी पेटवू नका. हा इन वेगळ्या वंशाचा आहे. फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल दोन्ही पेट घेणारेच. न पेटणारा तो नॉन-फ्लेमेबल.

माझी फजिती

कॉलेजच्या निरोप समारंभाचं आभारपत्र इंग्रजीत लिहायचं काम मी हौसेनं घेतलं. मनात वाक्य होतं, 'सरांचं अमूल्य मार्गदर्शन लाभलं.' मी अमूल्य फोडला. मूल्य म्हणजे व्हॅल्यू, अ म्हणजे नाही, म्हणजे लेस. झालं, 'व्हॅल्यूलेस गायडन्स'. सरांनी पत्र शांतपणे वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "प्रामाणिक आहेस." मला अर्थ कळला तो घरी जाऊन शब्दकोश उघडल्यावर. व्हॅल्यूलेस म्हणजे कवडीमोलाचं.

खरा शब्द होता इनव्हॅल्युएबल. आणि नीट बघा, इंग्रजीतही अगदी मराठीसारखंच झालंय. अमूल्य म्हणजे ज्याचं मोल करता येत नाही इतकं मोठं, इनव्हॅल्युएबल तेच. प्राइसलेस तेच. पुढं इन दिसला, मागं लेस दिसला, म्हणून उलट असेल असं धरून चालायचं नाही. संशय आला की शब्दकोश. ऑक्सफर्डचा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश फोनवर फुकट उघडतो आणि बऱ्याच शब्दांच्या खाली त्याचा ऑपोझिटही दिलेला असतो, तोही त्या त्या अर्थापुरता. हे 'अर्थापुरता' महत्त्वाचं.

आणखी एक कायमची चूक लूजची. नट ढिला आहे याला आपण लूज म्हणतो, पण इंग्रजीत तो उच्चार लूस असा, शेवटी स. त्याच्या समोर टाइट. झ चा उच्चार असलेला लूझ म्हणजे हरवणे, हरणे. त्याच्या समोर कोण, हे पुन्हा सोबत्यावर. किल्ली लूझ केली तर फाइंड. मॅच लूझ केली तर विन. वजन लूझ केलं तर गेन. स्पेलिंगमध्ये लूसला दोन ओ, लूझला एक.

रोज किती, आणि कधी

दिवसाला पाच शब्द. दहा केलेत तर आठवड्यात वही बंद पडते, माझ्या डोळ्यांदेखत अनेकांच्या पडल्यात.

आता बँकेच्या स्लिपवर येतो. दोन नवे, अनोळखी उलट शब्द एकाच दिवशी शिकू नका. दोघं एकमेकांत मिसळतात आणि पुढं वर्षभर कुठला कुठला ते आठवत नाही. जुळ्या भावांची ओळख एकाच वेळी करून दिली तर असंच होतं. सोमवारी नुसता बॉरो घ्या. दोन दिवस तोच वापरा. गुरुवारी लेंड आणा. तोवर बॉरो घरचा झालेला असतो, लेंडला त्याच्याशेजारी बसवता येतं. जोडीतला एक शब्द आधीच पक्का माहीत असेल, जसा डीप, तर दुसरा, शॅलो, त्याच दिवशी घेतलात तरी चालेल.

उजळणी चार वेळा: दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं. उजळणी म्हणजे वाचणं नव्हे. दुसरा रकाना हातानं झाका आणि तोंडानं म्हणा. पुढच्या वेळी पहिला झाका. डावीकडून उजवीकडे येतं पण उलट येत नाही, असं निम्म्या लोकांचं होतं.

टपरीवरचा खेळ

हे सगळं वहीत राहिलं तर ते गाईडच्या मागच्या पानासारखंच होईल. त्यासाठी जोडीदार शोधा आणि चहाच्या टपरीवर हा खेळ खेळा. एकानं इंग्रजीत वाक्य म्हणायचं, दुसऱ्यानं ते उलटं करायचं. नॉट वापरायचं नाही. जो नॉट वापरेल, चहाचे पैसे त्यानं द्यायचे. आमच्या दोन पोरांचा एक डाव जसाच्या तसा:

"माय टी इज टू स्ट्राँग."
"माय टी इज टू वीक."
"द रोड टू पन्हाळा इज स्टीप."
"द रोड टू पन्हाळा इज... फ्लॅट. कुठला फ्लॅट रं, चढून बघ."
"आय लॉस्ट माय हेल्मेट."
"आय फाउंड माय हेल्मेट."
"द बस वॉज लेट."
"द बस वॉज नॉट लेट."
"चहाचे पैसे!"

लेटच्या समोर अर्ली की ऑन टाइम, यावर मग टपरीवाल्यासकट अर्धा तास वाद झाला. दोन्ही चालतात. बस लवकर आली तर अर्ली, वेळेवर आली तर ऑन टाइम. टपरीवाल्याचं मत, एसटीला यातला एकही शब्द लागत नाही.

दुकानात बसणाऱ्यांनी हाच खेळ गिऱ्हाइकाबरोबर खेळावा. चप्पल लाईनीतल्या आमच्या एका काकू परगावच्या गिऱ्हाइकाला सांगायच्या, "नाऊ टाइट, आफ्टर वन वीक लूज." गिऱ्हाईक समजायचं, चप्पल विकली जायची, म्हणजे इंग्रजी चाललंच होतं. पण त्यांना वाक्य नीट हवं होतं. कोल्हापुरी चप्पल आधी आवळते, मग पायाला सैल होते. ही क्रिया आहे, म्हणून टाइट, लूस हे शब्द पुरत नाहीत, टाइटन आणि लूसन लागतात. 'इट इज टाइट नाऊ, बट इट विल लूसन.' तिथून त्यांनीच पुढची जोडी विचारली, मग अजून एक. शॉर्टन–लेंग्थन. सॉफ्टन–हार्डन. स्ट्रेंग्थन–वीकन. रस्ता रुंद केला तर वाइडन, पण अरुंद झाला तर नुसता नॅरो, त्याला न लागत नाही. पट्टा आखूड करून द्यायचा असतो तेव्हा त्या आता स्वतःहून म्हणतात, "शाल आय शॉर्टन इट?"

चप्पल लहान होत असेल तेव्हा गिऱ्हाईक 'टू स्मॉल' म्हणेल किंवा 'नॉट बिग एनफ' म्हणेल. अर्थ एकच. टू लावून उलट शब्द, किंवा नॉट आणि एनफ यांच्या मध्ये मूळ शब्द, अशी ही फिरवाफिरवी रोज दोन वाक्यांवर करा. टू हेवी, नॉट लाइट एनफ. टू नॅरो, नॉट वाइड एनफ. जोड्या पक्क्या व्हायला यापेक्षा सोपा व्यायाम मला सापडला नाही.

परीक्षा देणाऱ्यांसाठी थोडं

2023 च्या तलाठी भरतीत शंभरपैकी पंचवीस प्रश्न इंग्रजीचे होते, दोनशेपैकी पन्नास गुण. शब्दसंग्रहाच्या प्रश्नात सापळा ठरलेला असतो. चार पर्यायांत एक समानार्थी मुद्दाम ठेवलेला असतो, आणि घाईत डोळा त्याच्यावरच पडतो, कारण तो ओळखीचा वाटतो. म्हणून आधी प्रश्नातला 'ऑपोझिट' किंवा 'अँटनिम' शब्द पेन्सिलीनं गोल करायची सवय सरावपेपरातच लावा. ऑनलाइन परीक्षेत गोल करता येत नाही, पण सवय डोळ्याला लागलेली असते. दुसरं, शब्दाची जात बघा. विशेषण विचारलं असेल तर उत्तरही विशेषणच. ब्रेव्हच्या समोर कॉवर्ड दिसला तर थांबा. कॉवर्ड हा माणूस, हवा आहे कॉवर्डली. आणि पर्यायांत दोन उलट शब्द दिसले तर वजन बघा, खासबाग आठवा.

पहिल्या आठवड्यासाठी शब्द हवे असतील तर हे घ्या: डीप–शॅलो, स्टीप–फ्लॅट, फ्रेश–स्टेल, शार्प–ब्लंट, स्ट्राँग–वीक. स्टेल पावाला लागतो. फ्रेश वॉटर म्हणजे गोड पाणी असेल तर समोर स्टेल नाही, सॉल्ट वॉटर येईल. स्ट्राँगसाठी चहा, माणूस आणि वारा असे तीन सोबती घेऊन बघा, समोर काय काय येतं ते. वाऱ्याचं उत्तर वीक नाही, एवढं सांगून ठेवतो.